लॉजिकल रिझनिंगची कोडी कशी सोडवायची? मोबाईलवर सराव करणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती



पोलीस भरती असो, बँक असो, एसएससी असो की कॉलेजमध्ये आलेल्या कंपनीची ॲप्टिट्यूड टेस्ट असो, एक विभाग सगळीकडे असतोच. मराठी पेपरात त्याला बुद्धिमत्ता चाचणी म्हणतात, क्लासमध्ये सगळे रिझनिंग म्हणतात. यात पाठांतर नाही, सूत्रं कमी, म्हणून तो सोपा वाटतो. वेळ मात्र हाच विभाग सगळ्यात जास्त खातो.

मी तयारी करत होतो तेव्हा रोज रात्री दोन तास मोबाईलवर रिझनिंगचे व्हिडिओ बघायचो. सर फळ्यावर कोडं सोडवायचे, मला प्रत्येक पायरी पटायची, मी मान डोलवायचो. परीक्षेत गोल टेबलाचं पहिलंच कोडं आलं आणि त्यात आठ मिनिटं गेली. त्या विभागाला एकूण वीसच मिनिटं होती! पुढचे सोपे प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत. कोडं दुसऱ्याने सोडवलेलं समजणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर आपण सुरुवात करणं वेगळं. म्हणून या लेखात मी कोडी देणार आहे आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही आधी कागद घ्यावा अशी माझी विनंती आहे. स्क्रोल नंतर करा.

आधी वेळेचा हिशोब

आयबीपीएस पीओच्या पूर्व परीक्षेत रिझनिंगचे ३५ प्रश्न आणि २० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला साधारण ३४ सेकंद. एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न ६० मिनिटांत, त्यातले २५ रिझनिंगचे. तिथे सरासरी ३६ सेकंद पडतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत १०० गुणांसाठी ९० मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद, थोडा श्वास घ्यायला जागा आहे. (पॅटर्न बदलू शकतो, त्या वर्षीची जाहिरात वाचाच.)

बँकेच्या पेपरात एका मोठ्या कोड्यावर पाच प्रश्न असतात. पाच गुणिले ३४ म्हणजे पावणेतीन मिनिटांच्या आसपास. तीन मिनिटांत आकृती पूर्ण झाली तर पाचही प्रश्न हातात. चार मिनिटं झाली आणि अजून निम्मी नावं बाहेरच असतील तर सोडा, पुढे जा. मी हे केलं असतं तर हा लेख कदाचित बँकेच्या काउंटरमागून लिहिला असता.

मजल्यांचं कोडं: दोन शक्यता मांडायला शिका

पाच मजल्यांची इमारत आहे. सगळ्यात खालचा मजला १, सगळ्यात वरचा ५. गौरी, हर्षद, जुई, केदार आणि लता एकेका मजल्यावर राहतात.

- केदार सम क्रमांकाच्या मजल्यावर राहतो.
- केदार आणि गौरी यांच्या मध्ये बरोबर दोन मजले आहेत.
- जुई हर्षदच्या लगेच वरच्या मजल्यावर राहते.
- लता गौरीच्या वर कुठेतरी राहते.

बहुतेक जण पहिल्या ओळीपासून भरायला घेतात. केदारला दोनवर टाकतात, पुढे जातात, शेवटी अडतं, मग सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून. वेळ इथे जातो.

त्याऐवजी कागदावर पाच घरांचे दोन खांब शेजारी शेजारी काढा. पहिल्यात केदार २ वर, दुसऱ्यात ४ वर. मध्ये दोन मजले म्हणजे फरक तीनचा (इथे दोनचा फरक घेऊन चुकणारे भरपूर!). केदार २ वर असेल तर गौरी ५ वर. केदार ४ वर असेल तर गौरी १ वर. आता चौथी सूचना बघा. लता गौरीच्या वर आहे, पण पहिल्या खांबात गौरी सगळ्यात वर बसली आहे. तिच्या वर गच्ची. पहिला खांब बाद.

दुसऱ्या खांबात २, ३ आणि ५ रिकामे. जुई हर्षदच्या लगेच वर, म्हणजे हर्षद २, जुई ३. उरली लता, ५ वर. खालून वर: गौरी, हर्षद, जुई, केदार, लता.

इथे मी चौथी सूचना तिसरीच्या आधी वापरली. सूचना ज्या क्रमाने छापल्या आहेत त्याच क्रमाने वापरायच्या असा काही नियम नाही. सगळ्या एकदा वाचायच्या आणि ज्या माणसाचं नाव दोन-तीन ठिकाणी येतं त्याच्यापासून सुरू करायचं. इथे गौरी आणि केदार दोघेही दोनदा आले होते. एकदाच येणारी जुई-हर्षदसारखी जोडी बाजूला तशीच जोडून लिहून ठेवायची, जागा मिळाली की बसते. ‘नाही’वाल्या सूचना आकृतीच्या कडेला फुलीने लिहून ठेवा, नाहीतर विसरायला होतं.

गोल टेबल: डावं-उजवं नक्की कुठे चुकतं?

सहा मित्र गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसले आहेत: अमोल, बबन, चित्रा, दीपा, ईशान, फिरोज.

- अमोलच्या बरोबर समोर दीपा आहे.
- बबन दीपाच्या उजवीकडे दुसरा आहे.
- चित्रा आणि ईशान शेजारी शेजारी आहेत.
- चित्रा अमोलच्या शेजारी नाही.

अमोलला खाली बसवा, आपल्या पोटाच्या बाजूला. दीपा वर. आता दीपाचं तोंड आपल्याकडे आहे, त्यामुळे तिचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. तिच्या उजवीकडे पहिली जागा वर डावीकडची, दुसरी खाली डावीकडची. तिथे बबन. आता उजव्या बाजूला दोन खुर्च्या शेजारी शेजारी रिकाम्या आहेत, तिथेच चित्रा-ईशान बसणार. चित्रा अमोलच्या शेजारी नको, म्हणून ती वरची, ईशान खालचा. वर डावीकडची जागा उरली, ती फिरोजची. फिरोजच्या समोर ईशान. दीपाच्या लगेच डावीकडे चित्रा.

नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर मध्याकडे तोंड असलेल्या माणसाचा उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेला असतो. बाहेर तोंड असेल तर घड्याळाच्या दिशेला.

आता एक गंमत सांगतो, जी मला खूप उशिरा कळली. समजा तुम्ही डावं-उजवं उलटंच धरलं आणि बबनला खाली उजवीकडे बसवलं. मग चित्रा वर डावीकडे, ईशान खाली डावीकडे, फिरोज वर उजवीकडे. फिरोजच्या समोर? ईशानच. दीपाच्या लगेच डावीकडे, तुमच्या उलट्या हिशोबाने? चित्राच! उत्तरं बरोबर आली, कारण सगळं कोडं आरशात दिसावं तसं उलटं झालं आणि प्रश्नही त्याच आरशातून वाचला गेला. त्यामुळे कितीतरी मुलं महिनोन् महिने चुकीच्या बाजूने सोडवतात आणि त्यांना पत्ता लागत नाही. मग एखाद्या दिवशी प्रश्न येतो, ‘अमोलपासून घड्याळाच्या दिशेने लगेच पुढे कोण?’ बरोबर आकृतीत उत्तर बबन, उलट्या आकृतीत ईशान. किंवा निम्मे आत आणि निम्मे बाहेर तोंड करून बसतात, आणि मग कोणासाठी उलटं आणि कोणासाठी सुलटं यात गोंधळ होतो. तुमची बाजू बरोबर आहे का हे आजच या एका प्रश्नाने तपासून घ्या.

मराठी पेपरातले दोन-तीन खड्डे

हे व्हिडिओत फारसं कोणी सांगत नाही, कारण सर बहुधा इंग्रजी किंवा हिंदी पेपर समोर ठेवून शिकवतात.

‘बबन दीपाच्या उजवीकडे दुसरा’ आणि ‘बबन रांगेत उजवीकडून दुसरा’ या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दीपापासून मोजायचं, दुसऱ्यात रांगेच्या टोकापासून. फरक फक्त ‘कडे’ आणि ‘कडून’ एवढाच. घाईत डोळा त्यावरून घसरतो. मी पेपरात ‘कडून’खाली रेघ मारता येत नाही म्हणून कच्च्या कागदावर लगेच बाण काढतो.

रांगेवरून आठवलं. ‘सुमित डावीकडून १२वा आणि उजवीकडून १९वा, तर रांगेत किती मुलं?’ १२ अधिक १९ वजा १, म्हणजे ३०. एक वजा करायचा कारण सुमित दोन्हीकडून मोजला गेला. बस, एवढंच.

नातेसंबंधांच्या प्रश्नात मात्र मराठी आपल्या मदतीला येते. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलं की काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा सगळे एकाच पोत्यात. ‘कझिन’चंही तेच. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार पत्ते वेगवेगळे आहेत. म्हणून पेपर इंग्रजीत असला तरी मनात नातं मराठीतच लावा. उदाहरणार्थ, फोटोतल्या मुलीकडे बोट दाखवून स्नेहा म्हणते, ‘ही माझ्या आईच्या सासूच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी.’ आईची सासू म्हणजे बाबांची आई. तिचा एकुलता एक मुलगा म्हणजे बाबा. बाबांची मुलगी, म्हणजे स्नेहाची बहीण (फोटो स्नेहाचाच नसेल तर). ‘आईची सासू’ ऐकून इंग्रजीत अडखळायला होतं, मराठीत घरातला माणूसच डोळ्यासमोर येतो.

एक सावधगिरी: नावावरून स्त्री-पुरुष ठरवू नका. किरण मुलगाही असतो आणि मुलगीही. मराठीत ‘हा’, ‘ही’, ‘तो’, ‘ती’ किंवा क्रियापदावरून कळतं, तिथे बघा. काहीच दिलेलं नसेल तर ‘सांगता येत नाही’ हा पर्याय गंभीरपणे घ्या.

विधान आणि निष्कर्ष

इथे जगाचं ज्ञान बाजूला ठेवावं लागतं. विधानं अशी: सर्व मोबाईल चार्जर आहेत. काही चार्जर केबल आहेत. वाचून हसू येतं, पण खरं मानायचं.

निष्कर्ष एक, काही मोबाईल केबल आहेत. येतो का? नाही. जे चार्जर केबल आहेत ते मोबाईलच्या वर्तुळाबाहेरचेही असू शकतात. निष्कर्ष दोन, काही चार्जर मोबाईल आहेत. हा येतो. निष्कर्ष तीन, काही मोबाईल केबल असण्याची शक्यता आहे. हाही येतो, कारण तसं होण्याला कुठलीच आडकाठी नाही. ‘आहेत’ आणि ‘असण्याची शक्यता आहे’ यांतला फरक म्हणजे बँकेच्या पेपरातला अर्धा मार्गच समजा.

आणि जर पर्यायात ‘काही मोबाईल केबल आहेत’ आणि ‘एकही मोबाईल केबल नाही’ अशी जोडी आली, तर दोघांपैकी एकटा कोणी सिद्ध होत नाही, पण एक तरी खरा असणारच. उत्तर: एक किंवा दोन यांपैकी कोणतातरी एक. यासाठी जी वर्तुळं काढतो ती जॉन व्हेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० साली मांडली, म्हणून व्हेन आकृती. वर्तुळं काढताना निष्कर्ष खोटा पडेल अशी आकृती काढायचा प्रयत्न करा. काढता आली तर निष्कर्ष बाद. बरेच जण उलट करतात, निष्कर्ष खरा ठरेल अशी आकृती काढतात आणि खूश होतात.

‘जर... तर’ची गडबड

मानसशास्त्रज्ञ पीटर वॉसन यांनी १९६६ मध्ये एक चाचणी मांडली, ती आजही लोकांची विकेट काढते. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. तुम्हाला दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा की, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेला आहे का हे तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील?

बरेच जण ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे काय असावं याबद्दल नियम गप्प आहे. पण सातच्या मागे स्वर निघाला तर नियम गेला.

आता हेच असं विचारतो. नियम: गिअरची बाईक चालवत असेल तर वय किमान १८ हवं. समोर चार जण: एक बाईक चालवतोय, एक पायी चाललाय, एकाचं वय २२, एकाचं १५. ट्रॅफिक हवालदार कोणाला थांबवून चौकशी करेल? बाईकवाल्याचं वय आणि पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात बाईक आहे का ते. हे सगळ्यांना झटकन येतं, कोडं मात्र तेच. ‘जर तर’चं अवघड विधान आलं की मी त्याला हवालदाराच्या भाषेत बदलतो.

पटकन होणारे प्रकार

दिशेच्या प्रश्नात सकाळी सावली पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला. सकाळी सुरेशच्या उजवीकडे सावली पडली असेल तर उजवीकडे पश्चिम, म्हणजे तोंड दक्षिणेला. अक्षरांच्या प्रश्नांसाठी इंग्रजी अक्षरांचे क्रमांक पाठ हवेत: ई ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५. हे पाच खुंटे पक्के असले की बाकीचे मोजता येतात. उलट क्रमातल्या जोड्यांची बेरीज नेहमी २७. याचा सराव बसमध्ये, दुकानांच्या पाट्या वाचत होतो, त्यासाठी ॲप लागत नाही.

अंदाजाने उत्तर द्यायचं का? बँकेत पाच पर्याय आणि चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश वजा. डोळे मिटून पाच प्रश्न मारले तर सरासरीने एक बरोबर, चार चूक, हिशोब शून्यावर. एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला तरच थोडा फायदा. पोलीस शिपाई भरतीत नकारात्मक गुण नसतात, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

मोबाईल आणि एआय कसा वापरायचा

ऑनलाईन परीक्षा मोठ्या स्क्रीनच्या कॉम्प्युटरवर, माऊसने असते. मोबाईलवर सराव करताना कोडं वर आणि पर्याय खाली जातात, सारखं खाली-वर करावं लागतं आणि खरा वेग कळत नाही. सोपा उपाय: फोन आडवा करून टेकवून ठेवा, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू, हातात पेन आणि कागद. स्क्रीनवर बोटाने आकृती काढायची सवय लावू नका, तिथे कच्चा कागद आणि पेनच असतो. परीक्षेआधी दोन-चार मॉक टेस्ट कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा नेट कॅफेत द्या.

एआय चॅटबॉटला कोड्याचा फोटो टाकला की तो छान, आत्मविश्वासाने उत्तर देतो. अडचण अशी की बैठक व्यवस्थेत तो मध्येच एखादी सूचना मोडतो आणि तरी तेवढ्याच आत्मविश्वासाने पुढे जातो. त्याचं उत्तर घेऊन प्रत्येक सूचनेवर एकदा लावून बघा. वीस सेकंद लागतात, आणि स्वतःच्या उत्तरालाही हीच तपासणी लागू आहे. फोटोतून मजकूर उचलताना ‘नाही’ गळलेलं नाही ना, ‘कडे’चं ‘कडून’ झालं नाही ना, तेही बघा. नवीन कोडं बनवून दे म्हटलं तर कधीकधी दोन उत्तरं निघणारं किंवा एकही न निघणारं कोडं मिळतं, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

मला त्याचा एक वापर खरंच आवडतो. अडलं की मी लिहितो, ‘उत्तर सांगू नको, पुढे कोणती सूचना वापरू एवढंच सांग.’ मग उरलेलं डोकं आपल्यालाच चालवावं लागतं.

जाता जाता एक कोडं

राजू, संजू आणि विजू यांच्यापैकी एकाकडे हरवलेला मोबाईल आहे. राजू म्हणतो, ‘माझ्याकडे नाही.’ संजू म्हणतो, ‘राजूकडे आहे.’ विजू म्हणतो, ‘माझ्याकडे नाही.’ तिघांपैकी फक्त एकच जण खरं बोलतोय. मोबाईल कोणाकडे?

कागदावर करा आणि मगच पुढची ओळ वाचा.

राजू आणि संजू एकमेकांच्या बरोबर उलट बोलतायत, म्हणजे त्या दोघांपैकी एक खरा असणारच. खरं बोलणाऱ्याची एकुलती एक जागा तिथेच भरली. मग विजू खोटं बोलतोय, आणि मोबाईल त्याच्याच खिशात आहे.